गड्ड्यावरच्या तंबूतला चांद

आक्का, यंदाही सिनेमाचा तंबू आला. गड्ड्यावर, संक्रांतीच्या जत्रेत, पाळण्यांच्या पलीकडं, दरवर्षीच्याच जागी. आणि बाहेरच्या पाटीवर कुठलं चित्र होतं सांगू? तेच! नावाड्याच्या बायकोचं. रंग उडालेली तीच पाटी, तीच होडी, होडीला तेच वाकडं वल्हं. मी सायकलवरून उतरलोसुद्धा नाही, तसाच वळलो, घरी आलो आणि दारातनंच ओरडलो, "आई, आक्काचं चित्र लागलंय!"

आणि मग दोघांनाही आठवलं. तू दिवाळीनंतर गेलीस आणि ही संक्रांत. एवढ्यात सवय कुठली मोडते.

मी रडत रडत लिहितोय असं समजू नकोस. मला तुला एक गोष्ट सांगायचीय, ती ताजी आहे तोवर सांगितली पाहिजे, नाहीतर मी त्यात पदरचं घालीन. तू म्हणायचीसच की, "बाळ्या, तुज्या गोष्टीला पाय फुटत्यात." तर यावेळी पाय न फोडता सांगतो.

हे दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून आधी तंबूचं सांगतो. तुला माहीत आहेच, पण ऐकून घे. तंबूच्या मधोमध पडदा. एका टोकाला मचाणावर मशीन. मशीन आणि पडद्याच्या मध्ये आम्ही बाप्ये. आणि पडद्याच्या पलीकडं, मागच्या बाजूला, तुम्ही बायका. कापड पातळ. खेळ सुरू व्हायच्या आधी एक गडी बादली घेऊन यायचा आणि त्यावर सपासप पाणी मारायचा, की चित्र आरपार दिसायचं. म्हणजे एकच खेळ, दोन्हीकडून माणसं, आणि इकडच्या बाप्याला तिकडची बाई दिसायची नाही. फक्त तुमच्याकडं सगळं उलटं. आमचा राजा उजव्या हातानं तलवार उपसायचा, तुमचा डाव्या. आमची आगगाडी इकडं जायची, तुमची तिकडं.

मी एकदा तुला चिडवलं होतं, "तुमचे सगळे राजे डावखुरे."

तू म्हणालीस, "आमचे डावखुरे, पन शाणे. तुमचे उजवे आनि तरीबी राज्य घालवत्यात."

बोलपट यायच्या आधीची चित्रं, त्यामुळं मध्ये मध्ये पडद्यावर अक्षरं यायची, कोण काय बोललं ते सांगणारी. तुमच्या बाजूला तीही उलटी. आणि तू ती उलटी अक्षरं वाचायचीस! भराभरा, मोठ्यानं, सगळ्या बायकांसाठी. आरसा नाही, काही नाही. मला आजही कळत नाही तू ते कशी शिकलीस. तुमच्या बाजूच्या मधल्या खांबाला पाठ टेकून बसायचीस, अक्षरं आली की तुझा आवाज पडदा ओलांडून आमच्याकडं यायचा, आणि शेजारचा कुणीतरी बाप्या म्हणायचा, "कोन हाय रं ही वाचनारी?" मी अंधारात छाती फुगवून बसायचो. तुला कधी बोललो नाही हे. आता बोललो.

लग्न होऊन तू होटगीला गेलीस, तरी संक्रांतीला येत राहिलीस. सासूबाई विचारायच्या, "सुगड पुजायला जातीस का सिनिमाला?" तू म्हणायचीस, "दोनीला." होटगी काही लांब नाही, पण माहेरी यायला बाईला कारण लागतंच, आणि तुझं कारण गड्डा होता. तंबूवाला दरवर्षी तीच जुनी चित्रं फिरवून आणायचा. आम्ही कंटाळायचो. तू नाही. तू म्हणायचीस, नवीन चित्रात काय होणार याचीच काळजी लागून राहते, जुन्यात निवांत बघता येतं.

आता भांडणाचं.

नावाड्याच्या बायकोच्या चित्राचा शेवट. नवरा पुरात होडी घेऊन गेलाय, रात्र झालीय, ती काठावर उभी आहे. एवढंच. होडी येत नाही, कुणी येत नाही, ती बघत उभी राहते आणि चित्र संपतं. मी म्हणायचो, बुडाला तो. आमच्या बाजूची झाडून सगळी माणसं म्हणायची बुडाला.

तू म्हणालीस, "बुडतोय कशाला? चांद उगवला की. त्याला काठ दिसनार. येतोय त्यो."

"कुठला चांद?"

"तिच्या मागं उगवतो न्हाय का, त्यो."

"आक्का, तिथं काळाकुट्ट अंधार आहे."

"तू डोळे मिटून बसतोस."

किती वर्षं चाललं हे! घरात, रस्त्यानं, तुला पोचवायला टेसनावर गेलो तर गाडी सुटेपर्यंत. मी म्हणायचो नाही, तू म्हणायचीस आहे. नुसता आहे नाही, उगवतो. आधी पाण्यात असतो आणि मग वर येतो, तिच्या खांद्यावरनं, डोक्यावर. एवढं बारीक सांगायचीस, की मलाच वाटायचं आपण झोपतो की काय शेवटी.

मग एका वर्षी दाजी तुझ्याबरोबर गड्ड्याला आले आणि माझ्या शेजारी बसून त्यांनी ते चित्र बघितलं. रेल्वेतला माणूस, सिग्नलच्या बत्त्या सांभाळणारा, त्याची नजर काय सांगावी! चित्र संपलं, बाहेर आलो, तू शेंगा फोडत उभी होतीस. तू काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "चांदबिंद काय न्हाय तितं."

झालं. होटगीला ते म्हणणं तुझ्या मागं लागलं. मी आलो होतो तेव्हा कानानं ऐकलंय. सासूबाईंनी विचारलं, "दूद तापवलं का गं?" तू आतनं म्हणालीस, "व्हय." आणि दाजी ओट्यावरनं म्हणाले, "चांद हाय का त्यात?" सगळे हसले. सासूबाई हसल्या, जाऊ हसली, तिचं तीन वर्षांचं पोरगंसुद्धा कळल्यासारखं हसलं. तूही हसलीस. पण त्या घरात तू काही सांगितलंस की कुणीतरी ते म्हणायचंच. शेजारणीची म्हैस व्याली, चांद हाय का त्यात. भाकरीचं पीठ संपलं, चांद हाय का त्यात. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तरी बाईनं सांगितलेलं खरं का खोटं हे बघायची ती एक रीतच होऊन बसली.

तू चिडायची नाहीस. तू फक्त परत परत तेच सांगायचीस. मला ते तेव्हा हट्टीपणाचं वाटायचं.

गेल्या श्रावणात तू पंचमीला आलीस आणि आपलं नशीब बघ! शहरातल्या पक्क्या थेटरात, जिथं आता बोलपट चालतात, तिथं रविवारी सकाळी जुनी मुकी चित्रं लावायला लागले होते. आणि लागलं तेच. मी तुला ओढतच नेलं. तिथं पडदा भिंतीला, मागं बसायची सोयच नाही, बायकांना वरती समोरच जागा. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा तू ते चित्र सुलट्या बाजूनं बघणार होतीस.

तुला आवडलंच नाही! मी खालनं मान वळवून वळवून तुझ्याकडं बघत होतो, तू कपाळाला आठ्या घालून बसलेलीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "सगळं उलटं लावलंय की. होडी चुकीच्या बाजूनं जाती."

"ते सरळ आहे, आक्का. आजवर तू उलटं बघत होतीस."

"असंल."

"आणि चांद?"

तू चपला घालत होतीस. तशीच वाकून म्हणालीस, "तुकडा तुटला असंल. जुनी फिल्लम हाय. मशीनमदी अडकली की कापत्यात."

मी हसलो. टांगेवाला पण हसला, त्याला काही माहीत नसताना. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर तू एवढंच म्हणालीस, "बाळ्या, मी बगितलाय रं त्यो."

आपलं भांडण तिथं थांबलं. संपलं नाही. तू दिवाळीला येणार होतीस, तेव्हा पुढचं होणार होतं, पण तापानं तुला निघूच दिलं नाही. माझ्याकडं एक नवीन मुद्दापण होता. तो आता कुणाला सांगू? असू दे, तसा फुसकाच होता.

होटगीला तेराव्याला सगळं आटोपल्यावर दाजी मला रुळाकडं घेऊन गेले. त्यांना सिग्नलच्या बत्त्या लावायच्या होत्या, मी नुसता बरोबर. काच पुसत पुसत त्यांनी सांगितलं, माझ्याकडं न बघता. तापात तुझं एकच चाललं होतं म्हणे. चांद होता.

"मी म्हनलं, व्हय, होता," दाजी म्हणाले. "आजारी मानसाला न्हाय कशाला म्हना. तर डोळे उगडून म्हनती, उगंच व्हय म्हनू नगा. बगितल्याबिगर व्हय म्हनू नगा."

"मग?"

"मग काय. झोपली."

त्यांनी वात खालीवर केली, काच बसवली. मग म्हणाले, "पावनं, गड्ड्याला येतो मी. तिच्या बाजूनं बगू."

हे माझ्या डोक्यात कसं आलं नव्हतं? इतकी वर्षं मी समोर बसून तुझ्याशी भांडत होतो, आणि पडद्याच्या पलीकडं एकदा डोकवावं हे कधी सुचलं नाही. अर्थात बाप्यांना तिकडं बंदी. पण सुचायला काय बंदी होती?

घरी आल्यावर आईला विचारलं, "आई, तू तर दरवर्षी तिच्या शेजारी बसायचीस. चांद होता का?"

आई म्हणाली, "काईतरी पांडरं होतं बाबा. मी पोरं सांबाळत हुते."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मला कुनी इचारलं?"

तर यंदाचा गड्डा. दाजी आले, नवा फेटा बांधून. तंबूवाल्यानं तिकीट फाडताना सांगितलं, हे शेवटचं वर्ष, पुढच्या साली बोलपटाचं मशीन आणणार. त्याचा मोठा कर्णा पडद्याच्या मागं ठेवावा लागतो, त्यामुळं मागं माणसं बसवता यायची नाहीत, बायकांना पण पुढंच कडेला. म्हणजे तुझी बाजूच राहणार नव्हती, आक्का. आत्ता नाही तर कधीच नाही.

बायकांच्या दाराशी ती म्हातारी बसतेच, काठी आडवी धरून. मला बघून म्हणाली, "कुटं निगालास रं? मिशा दिसत न्हाईत व्हय मला?"

"आजी, आजचा एकच खेळ."

"एकच म्हनं! आनि ह्यो मागचा फेटेवाला?"

"दाजी हायत माझे."

"अगं बया बया! जावयासकट आलाय!"

आतल्या बायका वळून बघायला लागल्या. हशा पिकला. एक बाई बुरख्यातनं म्हणाली, "अरे भाई, उदर बैठो ना मर्दाँ में, इदर क्या रखा है?" दाजी फेट्यापर्यंत लाल. मी माघारी फिरणारच होतो. तेवढ्यात आई पुढं झाली. आपली आई, जी वाण्याला भाव विचारताना पण आवाज चढवत नाही, ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"ह्यांना माज्या लेकीचं बगायचं ऱ्हायलंय. मदल्या खांबाला बसायची की, अक्षरं वाचायची, ती माजी लेक."

पुढच्या ओळीतली एक बाई, विणकरांच्या घरातली, शेजारणीशी तेलुगू बोलत होती, ती थांबली. "अय्यो, ती वाचनारी? यंदा आली न्हाई व्हय ती?"

आईनं नुसती मान हलवली.

हसणं एकदम थांबलं. म्हातारीनं काठी उचलली आणि म्हणाली, "जावा. पन खाली मान घालून बसा."

दाजी म्हणाले, "खाली मान घालून सिनिमा कसा बगायचा, आजी?" आणि परत सगळ्या हसल्या, पण हे हसणं वेगळं. मधल्या खांबाजवळच्या बायका सरकल्या. आम्ही तुझ्या जागेवर बसलो, मी आणि दाजी, खांबाला पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन.

खेळ सुरू झाला. आक्का, तिकडून ते वेगळंच चित्र आहे! तीच होडी, तीच माणसं, आणि तरी कुठं बघावं तेच कळत नाही, पाठ असलेल्या गल्लीत उलट्या तोंडानं शिरल्यासारखं. पहिली अक्षरं आली आणि सगळ्या बायका आपोआप खांबाकडं वळल्या. माझ्याकडं. मी वाचायला गेलो. उलटं अक्षर, त्यात हलणारं ओलं कापड, मी अडखळलो, निम्मं वाचून होतंय तोवर अक्षरं गेली. पुढच्या वेळी कुणी माझ्याकडं बघितलं नाही. बाकीचं चित्र आम्ही सगळ्यांनी अक्षरांशिवाय बघितलं.

शेवटच्या रिळाआधी दिवे लागले, गडी बादली घेऊन आला, पडदा परत भिजवला. इतका की खालनं पाणी टपकायला लागलं. दिवे गेले. रात्र, नदी, काठ, ती उभी.

आणि पाण्यात, तिच्या पायाजवळ, एक गोल पांढरा उजेड.

मी दाजींचं मनगट धरलं. ते पुढं झुकून बघत होते. बराच वेळ बघितलं आणि मग हळू म्हणाले, "बत्ती हाय."

"काय?"

"मशीनची बत्ती. वल्या कापडातनं आरपार दिसतीय. बाकीच्या चित्रात उजेड असतोय म्हनून कळत न्हाय, हितं अंदार हाय म्हनून दिसली." त्यांचा आवाज पडलेला होता. "एवडंच होतं व्हय."

खोटं कशाला सांगू, मीही खट्टू झालो. तू बघितलं होतंस, ते खरं. पण बघितलीस ती बत्ती. आणि ती पाण्यातच होती, जागची हलत नव्हती. उगवत नव्हती.

तेवढ्यात आई चटई ओढायला लागली. "उटा. संपत आलं. आमी बायका शेवटाला उबंच ऱ्हातो, मागनं चपला सापडत न्हाईत."

आजूबाजूच्या सगळ्याच उठत होत्या, पोरांना कडेवर घेऊन, तोंडं अजून पडद्याकडंच. दाजी उठले. उठता उठता मध्येच थांबले, अर्धे वाकलेले, खांबाला हात लावून. मग सावकाश ताठ झाले. मला काही कळेना, मी पण उठलो.

आक्का, तो उगवला.

मी जसजसा वर आलो तसतसा तोही आला. पाण्यातनं सुटला, तिच्या कमरेशी, खांद्यावर, आणि मी पुरता उभा राहिलो तेव्हा तिच्या डोक्यावर, बरोब्बर तू सांगायचीस तिथं, गोल, शांत. मी परत बसलो. मावळला. उठलो. उगवला. मागची बाई ओरडली, "आरं काय उटबशा काडतोस, एक काय ते कर की!" समोर पडद्याच्या पलीकडं बाप्ये खोकत, विड्या विझवत बाहेर निघाले होते, नावाडी बुडाला असं म्हणत असणार.

मी दाजींकडं बघितलं. ते बसले नव्हते. फेटा काढून हातात घेतलेला. चित्र संपायला थोडंच राहिलं होतं, कापड वाळत चाललं होतं, चांद फिका होत होता.

"व्हय," दाजी म्हणाले. "बगून सांगतोय. होता."

हे त्यांनी मला सांगितलं नाही, आईलाही नाही. पडद्याकडं तोंड करून सांगितलं. तुला ऐकू गेलं का नाही कळायला मार्ग नाही, म्हणून मी लिहून कळवतोय.